अक्कलदाढ आणि खालचा ओठ

आमच्या खालच्या जबड्यातील उजवी अक्कलदाढ हिरडीखाली आडवी निजून राहिली आहे, ही गोष्ट आम्हांस वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळली. बहुतेकांना ती सतरा ते पंचविशीच्या दरम्यान येते. आमची मुळी वर आलीच नव्हती. बारमधील मित्रांनी या वार्तेचा व्हावा तितका उपयोग करून घेतला. आषाढात हिरडी सुजली, तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. औषधाने उतार पडला. पौषात पुन्हा तेच झाले, आणि पुढच्या चांगल्या दाढेलाही कीड लागू लागल्याचे दिसले.

निरोगी अक्कलदाढ केवळ रुतलेली आहे म्हणून काढू नये, असा दंडक ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००० साली घालून दिला. आम्ही त्याचा आधार घेऊ पाहत होतो. परंतु आमची दाढ निरोगी राहिली नव्हती. “वकीलसाहेब, काढायला हवी,” दंतवैद्य म्हणाले, “पण हे पाहा.” क्ष-किरणाच्या चित्रात दाढेच्या मुळाखालून एक काळसर पट्टा गेला होता.

आमच्या बऱ्हाणपुरास कुंडी भंडाऱ्याची ओळख करून द्यावी लागत नाही. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीच्या पोटातील बोगद्यातून शहराकडे आणण्याची ही योजना मोगल अमदानीत सतराव्या शतकाच्या आरंभी झाली. वर कुंड्यांची रांग दिसते, प्रवाह दिसत नाही. जबड्याच्या हाडातही तसाच एक बोगदा आहे. त्यातून खालच्या ओठाची व हनुवटीची संवेदना वाहून नेणारा मज्जातंतू जातो. आमच्या दाढेचे मूळ नेमके त्या बोगद्याला टेकले होते. जिभेचा तंतूही जवळूनच जातो. तो दुखावला तर अर्ध्या जिभेची चव जाऊ शकते. मावा जिलेबीच्या गावी राहणाऱ्यास हे भय लहान नव्हे.

तंतू दुखावल्याने ओठ वाकडा होत नाही. तो हलतो, मिटतो, परंतु आपला वाटत नाही. प्रसादाचे शीत ओठाला चिकटले तरी कळत नाही, चहा हनुवटीवर ओघळला तर तो दुसऱ्याने सांगावा लागतो. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत वा महिन्यांत परत येते. ती कायमची जाणारे शंभरात एकाहूनही कमी; मात्र मूळ तंतूला टेकलेले असले की धोका वाढतो, आणि वयाबरोबर हाड कठीण होते तसाही वाढतो.

शंभरात एक! अशिलाला आम्ही अशा आकड्याने किती वेळा धीर दिला असेल! परंतु आमचा सारा संसार ओष्ठ्य वर्णांवर चाललेला. प्रतिवादी, फिर्यादी, बचाव, भरपाई, मुद्दा. शिवाय श्रावणात मंदिरातील पोथीवाचन आमच्याकडे.

या विषयावर आमच्याकडील न्याय ठरलेला आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या २००८ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की उपचाराचे स्वरूप, पर्याय, ठळक धोके आणि उपचार नाकारल्याचे परिणाम रुग्णास सांगितले पाहिजेत. मात्र रुग्ण घाबरून आवश्यक उपचारच नाकारील असे दूरचे, केवळ तात्त्विक धोके सांगण्याची गरज नाही. हाच भाग आम्ही काही वर्षांपूर्वी जिल्हा ग्राहक मंचापुढे एका डॉक्टरांच्या बाजूने वाचून दाखवला होता. तक्रारदार बाईंची हनुवटी दाढ काढल्यापासून बधिर झाली होती. ‘दूरचा धोका’ या दोन शब्दांवर आम्ही पाऊण तास बोललो. निकाल आमच्या बाजूने लागला. त्या बाई रुमालाने वारंवार हनुवटी टिपत होत्या, हे आम्हांस आता आठवते. तेव्हा ते नाटक वाटले होते.

इंदूरच्या शल्यतज्ज्ञांनी त्रिमितीय स्कॅन पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, “आपण काम काय करता?” ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली माँटगोमेरी खटल्यात हेच म्हटले होते, की धोका महत्त्वाचा की नाही हे त्या विशिष्ट रुग्णाच्या जागी उभे राहून पाहावे. या गृहस्थांनी तो निकाल वाचला नसेल. त्यांना तो वाचण्याची गरजही नव्हती. त्यांनी तीन वाटा सांगितल्या. थांबावे, तर सूज पुन्हा येईल व पुढची दाढ हातची जाईल. पूर्ण काढावी, तर ओठाचा धोका. किंवा दाढेचा माथा तेवढा कापावा व मुळे जागीच ठेवावी. यात तंतूला इजा होण्याचा संभव बराच कमी, परंतु मुळे पुढे सरकली तर कधी काळी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागेल. मुळाशी कीड पोचली असती तर ही वाट बंदच होती. आमच्या सौभाग्यवतींचा कौल थांबण्याकडे होता. आम्ही तिसरी वाट घेतली आणि संमतिपत्र दोनदा वाचून सही केली.

परतीच्या प्रवासात बधिरतेच्या इंजेक्शनाने ओठ दगडासारखा झाला होता. खंडवा मागे पडले तरी तसाच. हा इंजेक्शनाचा अंमल की त्या बाईंच्या वाट्यास आलेला प्रकार, हे ओळखण्याचा काही उपाय नव्हता. आम्ही रुमालाने हनुवटी टिपत राहिलो. असीरगड दिसू लागला तेव्हा ओठाच्या कडेला प्रथम मुंगी चावल्यासारखे झाले. आम्ही हलकेच ‘प, फ, ब, भ, म’ म्हणून पाहिले. चालकाने मागे वळून विचारले, “साहेब, काही म्हणालात?”