विंध्य आणि तायहांग

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार वस्तुतः परतून आलेल्यांचा आहे. जो गेला, ज्याने पाहिले आणि ज्याला घरी येऊन सांगता आले, त्याचाच प्रवास साहित्याच्या इतिहासात जमा होतो. या सत्रात अभ्यागत प्राध्यापक म्हणून जबलपुरात तौलनिक साहित्य शिकविताना एका न परतलेल्या मराठी प्रवाशाचा विचार मला वारंवार करावा लागला. त्याला निमित्त झाले ते इथल्या भूगोलाचे.

जबलपूर हे विंध्य आणि सातपुडा यांच्यामधल्या नर्मदेच्या खोऱ्यात वसलेले आहे. भेडाघाटाच्या वाटेवर तेवर नावाचे गाव लागते. तीच कलचुरींची राजधानी त्रिपुरी. मार्च १९३९ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन याच परिसरात भरले. शहरातली कमानिया गेट ही त्या अधिवेशनाची खूण आहे. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तेव्हा आजारी होते, आणि त्या अधिवेशनाचा इतिहास आपण सांगतो तो पक्षांतर्गत संघर्षाचा. पण त्याच दिवसांत त्याच काँग्रेसने पाठविलेले वैद्यकीय पथक चीनमधल्या येनान या डोंगराळ ठाण्यावर होते. १९३७ च्या अखेरीस सेनानी चू दे यांनी नेहरूंकडे साहाय्य मागितले होते. त्याला उत्तर म्हणून १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून पाच डॉक्टर जहाजाने निघाले. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी ही त्यांची नावे. त्यांपैकी चोळकर नागपूरचे, म्हणजे जबलपूर ज्या प्रांतात होते त्याच्या राजधानीचे. आणि द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे.

काही वर्षांपूर्वी हपै प्रांतातला तायहांग पर्वत पाहण्याचा योग मला आला होता. उतारावर एकावर एक रचलेल्या शेतांच्या पायऱ्या, अक्रोडाची झाडे, दगडी घरे आणि त्यांच्यामागे सरळ उभे राहिलेले कडे. हा सारा देखावा रम्य आहे यात शंका नाही, आणि तो पाहायला येणाऱ्यांची तिथे गर्दीही असते. मात्र मला त्या पर्वताचे अधिक आकर्षण वाटले ते एका कथेमुळे. ‘लिएत्झ’ या प्राचीन ग्रंथात नव्वदीच्या एका वृद्धाची गोष्ट आहे. घरासमोरचे तायहांग आणि वांगवू हे दोन पर्वत वाट अडवितात म्हणून तो ते खणू लागतो. लोक हसतात. त्याचे उत्तर असे, की माझ्यामागे मुले, त्यांच्यामागे नातवंडे. माणसांची परंपरा संपत नाही, आणि पर्वत तर वाढत नाही. अखेर देवच ते पर्वत उचलून नेतात.

जबलपुरात ही कथा वर्गात सांगितली तेव्हा विद्यार्थ्यांना साहजिकच अगस्त्य आठवले. आपल्या पुराणातला पर्वत मात्र वाढतो. मेरूच्या ईर्ष्येने विंध्य सूर्याची वाट अडवितो. अगस्त्य दक्षिणेकडे निघतात, विंध्य त्यांच्यापुढे वाकतो, आणि मी परत येईपर्यंत असाच राहा, असे सांगून ऋषी जातात ते कायमचेच. दोन्ही कथांत पर्वत हा अडथळा आहे. एकीकडे तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमाने हटतो, दुसरीकडे एकाच्या न परतण्याने नमलेला राहतो. या दोन संस्कृतींच्या स्वभावाविषयी एवढ्यावरून सिद्धान्त मांडणे उतावळेपणाचे होईल. परंतु कोटणिसांच्या आयुष्यात या दोन्ही कथा एकत्र आल्या आहेत, असे मात्र म्हणावेसे वाटते.

१९४० मध्ये ते आघाडीजवळच्या डोंगराळ मुलुखात गेले. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाची सूत्रे त्यांच्याकडे आली. चिनी भाषा शिकून ते त्याच भाषेत तरुणांना वैद्यक शिकवू लागले. त्या वर्षी ग्वो चिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. पुढच्या वर्षी जन्मलेल्या मुलाचे नाव यिनहुआ ठेवले गेले. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते वारले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले, व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये चित्रपट काढला. त्यांचे स्वतःचे प्रवासवर्णन मात्र मराठीला मिळाले नाही.

वर्गातल्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, जखमी माणसे समोर असताना त्यांना डोंगराचे सौंदर्य दिसले असेल का?” प्रश्न मार्मिक होता, कारण रसिकाला निवांतपणा हवा हे आपण गृहीतच धरतो. मी तिला फान क्वान या अकराव्या शतकातल्या चित्रकाराचे एक चित्र दाखविले. निसर्गचित्राला चिनी भाषेत ‘शान-श्वे’ म्हणतात. शान म्हणजे डोंगर, श्वे म्हणजे पाणी. त्या चित्रात प्रचंड कडा आणि त्यावरून उतरणारी पाण्याची बारीक रेघ आहे. पायथ्याशी, शोधल्याशिवाय सापडू नयेत इतकी लहान, ओझ्याची जनावरे हाकीत चाललेली माणसे आहेत. ती कड्याकडे पाहत नाहीत. त्यांना वाट चालायची आहे. तरीही ती काढून टाकली तर कड्याची उंची कशावरून मोजावी?

भेडाघाटाला नावेत बसून संगमरवरी कडे पाहणारे आपण या चित्राबाहेरचे प्रेक्षक असतो. वल्ही मारणारा नावाडी त्याच्या आत असतो. आपल्या वाङ्मयाने पर्वतांची वर्णने बहुधा नावेतल्या पाहुण्याच्या नजरेने केली आहेत, आणि मीही इथे एका सत्राचा पाहुणाच आहे. कोटणीस पाहुणे म्हणून गेले आणि त्या डोंगरातल्या वाटेवरचे झाले. त्यांनी तायहांगचे वर्णन मागे ठेवले नाही. पण पुढे ज्यांनी ते करावे त्यांच्यासाठी त्या पर्वताच्या पायथ्याशी एक माणूस मात्र कायमचा ठेवला आहे.