आपण मूळचे कोठले ?

अनोळखी मनुष्य भेटला कीं त्याचें नांव विचारावें आणि नांवापाठोपाठ गांव विचारावें, ही आपल्या लोकांची जुनी रीत आहे. तींत वाईट कांहीं नाहीं. एस्. टी. च्या गाडींत शेजारीं बसलेल्या वृद्ध गृहस्थानें "कोठले आपण ?" म्हणून सुपारी पुढें केली, तर प्रवास सुखाचा होतो. परंतु ह्याच प्रश्नाला एक शब्द जोडून "मूळचे कोठले ?" असें म्हटलें, कीं त्याचें रूप पालटतें. पहिल्या प्रश्नांत ओळखीची इच्छा असते. दुसऱ्यांत पुष्कळदां संशय असतो. हा भेद मी पुस्तकांतून शिकलों नाहीं. तो कसा शिकलों तें विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या वडील मंडळीस सांगावें, असें बरेच दिवस मनांत होतें.

सन २००० मध्यें मी नागपुरास महाविद्यालयांत शिकत होतों व राहण्यास खोली शोधीत होतों. एका गृहस्थांनीं भाडें ठरविलें, खोली दाखविली, नळाची वेळ सांगितली आणि मग नांव विचारलें. माझें नांव बायबलांतलें. आडनांव मात्र अस्सल झाडीपट्टींतलें. त्यांनीं तें दोन वेळां उच्चारून पाहिलें. "मूळचे कोठले तुम्ही ?" मी म्हटलें, "भंडाऱ्याचा." "तें झालें हो, पण मूळचे?" माझे आजे-पणजे वैनगंगेच्या कांठचे. आषाढांत धानाचे पऱ्हे उपटण्यांत माझें बालपण गेलें. ह्यापलीकडे मजजवळ दुसरें मूळ नव्हतें. खोली मिळाली नाहीं. गृहस्थ उर्मट नव्हते. निघतांना त्यांनीं चहासुद्धां पाजला. त्या चहाची चव अजून जिभेवर आहे.

त्याच हिवाळ्यांत थंडीनें कांकडून मी तिबेटी लोकांच्या दुकानांकडे वळलों. दरवर्षीं ते नागपुरास लोकरीचे कपडे विकावयास येतात. मजहून थोडी वडील अशी एक बाई दुकानावर होती. मी एक तपकिरी स्वेटर उचलला, भाव पाडून मागितला, आणि ती घडी करीत असतां सहज विचारलें, "ताई, तुम्ही कुठल्या ?"

"भंडाऱ्याची," ती म्हणाली.

मला हसूं आलें. "भंडाऱ्याचा तर मी आहें. तुम्ही मूळच्या कुठल्या ?"

शब्द तोंडांतून गेला आणि माझा मलाच ऐकूं आला. तिनें घडी पुरी केली. हिंदीमिश्रित मराठींत ती म्हणाली, "जन्म तेथला. आईबाप तिकडून आले. मूळ म्हणजे कोणतें, भाऊ ?"

खोली नाकारणाऱ्या गृहस्थांवर मी तीन महिने मनांतून रागावलों होतों. तेंच मी, आणि वर भाव पाडून, तिच्याशीं केलें होतें.

तिचें म्हणणें खरें होतें. मार्च १९५९ मध्यें दलाई लामा तिबेट सोडून भारतांत आले, व त्यांच्या मागोमाग सहस्रावधि लोक हिमालय ओलांडून आले. त्यांच्यासाठीं देशांत ठिकठिकाणीं वसाहती झाल्या. त्यांपैकीं एक, नॉर्गेलिंग नांवाची, १९७२ सालीं आमच्या जिल्ह्यांत प्रतापगड-गोठणगांवच्या बाजूस वसली. बर्फाच्या प्रदेशांतले लोक आमच्या वैशाखाच्या वणव्यांत येऊन धानाच्या बांधींत उतरले. पुढें १ मे १९९९ रोजीं जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि तो मुलूख गोंदिया जिल्ह्यांत गेला. आम्हीं नकाशे बदलले, पाट्या बदलल्या. परंतु तिबेटी लोकांच्या बोलण्यांत त्या वसाहतीचें नांव अजून भंडारा असेंच चालतें. दप्तरानें त्यांना दुसरीकडे लिहिलें, तरी त्यांनीं आमचें नांव टाकलें नाहीं. (गोंदियाच्या वाचकांनीं ह्यावर रुसूं नये.)

जर्मन तत्त्ववेत्ता कांट ह्यानें १७९५ सालीं चिरशांतीवर एक लहानसा ग्रंथ लिहिला. पृथ्वी गोल आहे, तिचा पृष्ठभाग मर्यादित आहे, म्हणून माणसें अनंत अंतरापर्यंत पांगूं शकत नाहींत. शेवटीं त्यांना एकमेकांच्या शेजारीं राहणें सोसावेंच लागतें, असा त्याचा विचार आहे. परक्याला दारांत शत्रूसारखें वागवूं नये, हा तो परक्याचा हक्क समजतो, आपली दया नव्हे. परंतु हा हक्क तो भेटीपुरताच देतो. पाहुणा म्हणून राहूं देणें हा निराळ्या कराराचा विषय, असें म्हणतो. येथें कांटशीं थोडा वाद घालावासा वाटतो, मग तें मजसारख्या मास्तराचें धार्ष्ट्य कां असेना. तिसऱ्या दिवशीं राहणाऱ्या पाहुण्याची आपण अक्कल काढतों. तिसऱ्या पिढीपर्यंत राहिला त्याला काय म्हणावें ? अजून पाहुणाच म्हणत असूं, तर तो पाहुणचार कसला ? ती उंबऱ्यावर उभें ठेवण्याची एक सभ्य रीत झाली.

आणि आमच्या जिल्ह्यानें तरी हें विचारूंच नये. हा तळ्यांचा मुलूख. हीं तळीं बहुतांशीं कोहळी लोकांनीं बांधलीं. ते काशीकडून आले, आणि चांद्याच्या हिरदेशहा ह्या गोंड राजानें त्यांना जमिनी देऊन वसविलें, अशी परंपरागत समजूत आहे. जो रान तोडून तळें बांधील, त्याला त्या पाण्यानें भिजेल तेवढी जमीन, असा तो करार. नवेगांवचा मोठा बांध कोलू पाटील कोहळी ह्यानें घातला असें सांगतात. आज एखाद्या कोहळी शेतकऱ्यास "काशीचे पाहुणे" म्हणून कोणी हांक मारील, तर तो बहुधा बांधावरची काठी उचलील. तें नवेगांव आणि ही तिबेटी वसाहत आज एकाच तालुक्यांत आहेत.

रूथची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं वाचली आहे. ती सासूबरोबर बेथलेहेमास आली, तिनें शेतांत सरवा वेंचला, तिचा बवाजाशीं विवाह झाला, ती दावीद राजाची पणजी झाली. तरी त्या लहानशा पुस्तकांत तिला पुन्हां पुन्हां "मवाबी" म्हटलें आहे. विवाहाचा निर्णय झाला त्या दिवशींसुद्धां. नागपुरच्या त्या प्रसंगानंतर हें विशेषण मला फार बोंचूं लागलें. पुढें वय वाढल्यावर वाटूं लागलें कीं लेखकास तें पुसावयाचेंच नसेल. राजाची पणजी मवाबी होती, हें कोणीं विसरूं नये असें त्याला वाटत असेल. आपली होण्यासाठीं तिला मवाब विसरावा लागला नाहीं.

२०१० सालीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें निकाल दिला कीं २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वीं भारतांत जन्मलेला तिबेटी मनुष्य जन्मानेंच भारताचा नागरिक होय. म्हणजे मी तो प्रश्न केला, तेव्हां ती बाई माझ्याइतकीच ह्या देशाची नागरिक होती. तें तिला किंवा मला कोणीं सांगितलें नव्हतें इतकेंच. तथापि कित्येक तिबेटी लोक हा हक्क असूनही तो मागत नाहींत. निर्वासित राहण्यांत त्यांना स्वदेशाशीं इमान वाटतें. हें मला प्रथम चमत्कारिक वाटलें. आतां वाटत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं मुलांची सहल घेऊन नवेगांव बांधास गेलों असतां आम्ही वसाहतींतही गेलों. घरांवर रंगीत पताका फडफडत होत्या. ओसरीवर एक वृद्ध बसले होते. त्यांनीं विचारलें, "कोठून आलांत ?" मी म्हटलें, "भंडाऱ्याहून." म्हातारा मोठ्यानें हसला. "हें पण भंडाराच !" आम्हांस बसवून त्यानें आंतून चहा आणविला. मुलांपैकीं एकानें कांहीं विचारण्यास तोंड उघडलें, तेव्हां माझ्या काळजांत धस्स झालें. पण तो म्हणाला, "आजोबा, तुमच्या इटियाडोह धरणांत मासे मिळतात का ?"

म्हातारा म्हणाला, "गळ आणला आहेस का ?"