मुंग्या गेल्या, ओटीपी आला

कल्याणच्या पुढे राहणाऱ्या पब्लिकला दोन गोष्टी पाठ असाव्या लागतात. लोकलचं टाइमटेबल आणि केबलवाल्याचा मोबाइल नंबर. टाइमटेबल आता ॲपवर मिळतं. केबलवाल्याच्या नंबरचं काय करायचं, यावर आमच्या बदलापूरच्या घरात २०२५ च्या सुरुवातीला जवळपास तीन महिने चर्चासत्र चाललं. वक्ते दोनच, मी आणि आई.

माझी बाजू एकदम स्ट्राँग होती, बॉस. घरात वायफाय, भिंतीवर स्मार्ट टीव्ही, आणि तरी दर महिन्याला केबलचे साडेतीनशे रुपये जातायत. ऑफिसात हे कुणाला सांगितलं की लोक असं बघायचे, जणू मी अजून पेन्सिल घालून कॅसेट रिवाइंड करते. ‘काप ना यार! केबल कोण बघतं आजकाल?’

कोण बघतं ते मला चांगलं माहीत होतं. माझं ऑफिस लोअर परळला. सकाळी साडेसातला घराबाहेर पडायचं, रात्री नऊला परत. त्यामुळे रविवार सोडला तर आमचा टीव्ही ही संपूर्णपणे आईची मालमत्ता. मी जे काही बघते ते लोकलमध्ये, फोनवर, समोरच्या बाईच्या पर्सवर कोपर टेकवून. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि आमचा लेडीज डबा बघता बघता थिएटर झाला. त्याआधी एका जीबीला अडीचशेच्या आसपास मोजायचो, व्हिडिओ म्हणजे चैन होती. आता खिडकीजवळची कोरियन सिरियल बघून रडत असते, दारातली उभ्या उभ्या मर्डर मिस्ट्री संपवते आणि चौथ्या सीटवरची कालच्या एपिसोडचा राहिलेला भाग पुरा करते. अनुभवी मंडळी सगळं रात्रीच वायफायवर डाउनलोड करून ठेवतात, कारण गर्दीच्या वेळी गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली की नेटवर्कही थांबतं. नवीन मुलींना आम्ही हे पहिल्या आठवड्यातच शिकवतो. मटार सोलायचे, भजनं म्हणायची, ते सगळं अजून आहे. फक्त कानात एक वायर वाढलीय. आता तर तीही गेली.

तर आमच्या घरात टीव्ही बघणारे दोघे, आणि दोघांचा टीव्ही वेगळा. वाद सुरू झाला तेव्हा हा मुद्दा माझ्या बाजूचा आहे असं वाटत होतं.

केबलशी आमचं नातं जुनं. मी लहान असताना आम्ही अंबरनाथला राहायचो, बाबा एमआयडीसीतल्या कंपनीत होते. १९९२ च्या २ ऑक्टोबरला झी टीव्ही सुरू झाला, त्यानंतरच्या काही वर्षांत आमच्या चार मजली बिल्डिंगवरून शेजारच्या बिल्डिंगवर, तिथून आंब्याच्या झाडावर आणि झाडावरून विजेच्या खांबावर अशी काळी वायर आली. त्या वायरीला मधे मधे ॲम्प्लिफायर लावावे लागायचे, कारण लांब गेलं की सिग्नल मरतो. आणि ॲम्प्लिफायरला करंट लागतो, तो कुणाच्या तरी जिन्यातून घेतलेला. म्हणजे आपल्याकडे लाइट असली आणि पलीकडच्या बिल्डिंगची गेली, की आपला पडदाभर मुंग्या! मग गॅलरीतून हाका. ‘दादा, मुंग्या येतायत!’ दादा स्कूटरवरून येणार, गच्चीवर चढणार, वरून ओरडणार, ‘आलं का?’ खालून आम्ही, ‘नाही!’ परत ‘आलं का?’ ‘आता दोन दोन दिसतायत!’

शिवाय केबलवाल्याचं स्वतःचं एक चॅनल असायचं. त्यावर रात्री थिएटर प्रिंटचा पिक्चर, ज्यात मधेच कुणीतरी उठून बाहेर जाताना दिसायचं. खाली पट्टी सरकायची : दहावीचे क्लासेस, साड्यांचा सेल, उद्या पाणी बंद. महाशिवरात्रीला शिवमंदिराच्या जत्रेचं शूटिंग दाखवायचे आणि अख्खी गल्ली त्यात स्वतःला शोधायची. ९६० हून जास्त वर्षं जुनं ते देऊळ आम्हाला टीव्हीवर जास्त भारी वाटायचं, जरी ते घरापासून पायी पंधरा मिनिटांवर होतं.

मावशी उल्हासनगरला, कॅम्प नंबर चारमध्ये. तिच्या गल्लीत वायरींचं जाळं असं की आभाळ चौकटीचौकटीचं दिसायचं. शेजारी सगळे सिंधी. २००० साली ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली आणि रात्री साडेदहाला मावशीची मराठी पार्टी त्यांच्या घरी जाऊन बसायला लागली. बदल्यात संध्याकाळी त्या बायका मावशीकडे येऊन मराठी सिरियल बघायच्या. १९९९ मध्ये अल्फा मराठी आलं होतं, तेच पुढे २००५ ला झी मराठी झालं. मावशीच्या शेजारणीला अर्धं मराठी ‘आभाळमाया’ने शिकवलं, हे ती स्वतः सांगते.

हे सगळं मजेचं होतं हे खरं, पण उगाच गळा काढण्यात अर्थ नाही. ऐन मॅचच्या शेवटच्या ओव्हरला मुंग्या आल्या की काय वाटतं, ते ज्यांनी भोगलंय त्यांनाच ठाऊक. सेट टॉप बॉक्स आले तेव्हा मुंग्या गेल्या. मुंबईत ते २०१२ ला झालं. आमच्यासारख्या उरलेल्या शहरांना मुदत होती ३१ डिसेंबर २०१५ ची आणि तीही पुढे सरकत गेली. (कल्याणच्या पुढे सगळंच थोडं लेट येतं. गाडीसकट.)

मग आला फेब्रुवारी २०१९. ट्रायचा नवा नियम : १०० चॅनलचं मूळ भाडं जास्तीत जास्त १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. त्यावर जे पैशाचे चॅनल हवेत ते आपले आपण निवडायचे. तोपर्यंत आम्ही बदलापूरला आलो होतो. इथले केबलवाले दादा झेरॉक्स काढलेला फॉर्म घेऊन दारात उभे. बहुतेक बिल्डिंगने ‘तुम्हीच टाका काहीतरी’ म्हणून फॉर्म परत केला. आमच्या बाबांनी तो दोन दिवस ठेवून घेतला. चष्मा लावून, कॅल्क्युलेटर घेऊन, एकेका चॅनलपुढे किंमत लिहून, टिक करत बसले. हा १९ रुपयांचा, हा १२ चा, हा ५० पैशांचा. आईच्या मराठी वाहिन्या आधी, मग बातम्या, मग क्रिकेट, मग जंगलातले प्राणी. शेवटी बेरीज मनासारखी आली तेव्हा त्यांनी फॉर्मची एक कॉपी स्वतःसाठी काढून आणली. कंपनीतली सवय.

बाबा २०२२ मध्ये गेले. पॅक तेच राहिलं. पावतीही त्यांच्याच नावाने यायची.

हे आपल्याला माहीत असतं, पण डोक्यात नसतं. माझ्या स्ट्राँग बाजूला आई सिरियलचा मुद्दा काढेल, ‘मला ते जमायचं नाही’ म्हणेल, अशी तयारी करून मी बसले होते. ती म्हणाली, ‘ते पॅक यांनी लावलंय.’ यावर काय बोलणार? मी गप्प बसले आणि पुढच्या महिन्याचेही साडेतीनशे भरले.

दरम्यान ‘बघून तरी ठेव’ म्हणून मी टीव्हीवर ॲप टाकली. इथे एक गंमत आहे, जी हिंदी-इंग्रजी वेब सिरीज बघणाऱ्या आपल्यासारख्यांना कळत नाही. आईच्या वाहिन्या चार. झी मराठी झी फाइव्हवर. सोनी मराठी सोनी लिव्हवर. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी आधी वेगवेगळ्या ॲपवर होत्या, १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओसिनेमा आणि हॉटस्टारचं लग्न लागलं तेव्हापासून एका घरात नांदतात. म्हणजे चार वाहिन्यांना तीन ॲप, तीन पासवर्ड आणि तीन तारखांना संपणारे तीन प्लॅन. सह्याद्री हवं असेल तर प्रसारभारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेलं वेव्हज, ते चौथं. केबलमध्ये हे सगळं एका रिमोटवर, तीन आकडी नंबर दाबला की हजर. आईला ते नंबर नातेवाइकांच्या वाढदिवसांपेक्षा जास्त पाठ.

आणि ही सगळी अकाउंट माझ्या मोबाइल नंबरवर. तुमच्या घरीही तसंच असणार, चेक करा. पैसे आपण भरतो, लॉगिन आपण करतो, टीव्ही मात्र दिवसभर दुसरंच कुणीतरी बघतं. एके दिवशी संध्याकाळी एका ॲपने आपोआप लॉगआउट केलं. आईची सातची सिरियल, मी घाटकोपरला चढून चेंगरलेली, फोन पर्समध्ये, पर्स पोटाशी आणि हात वर. ठाण्याला कसाबसा फोन काढला तर सहा मिस्ड कॉल. आधी पोटात गोळाच आला. फोन केला तर म्हणाली, ‘काही नाही गं, तो आकडा मागतोय.’ तोवर ओटीपीची मुदत संपलेली. दुसरा मागवला, तो डोंबिवलीला आला, तिने टाइप करेपर्यंत तोही संपला. सिरियल संपली. तिने टीव्ही बंद केला आणि भात लावला.

रात्री ती शांतपणे एवढंच म्हणाली, ‘केबलचा रिमोट माझ्या हातात होता.’

या वाक्यावर मी दोन-तीन दिवस विचार केला. चौदा तास एकटी असलेली बाई, तिने टीव्ही लावायला मुलीची परवानगी मागायची? फोन उचलेल तेव्हा? आपण म्हणतो स्ट्रीमिंगने स्वातंत्र्य दिलं. हवं तेव्हा, हवं ते. दिलं ना, ज्याच्या नंबरवर ओटीपी येतो त्याला. मावशीचा प्रश्न सोपा होता. तिने टीव्हीच सोडला. सगळं स्वतःच्या फोनवर, कणकेच्या डब्याला फोन टेकवून. पण आईला मोठा पडदा लागतो, चष्म्याचा नंबर मोठा आहे.

मग पुढच्या रविवारी बसून तिन्ही अकाउंट आईच्या नंबरवर केली. प्रोफाइलला तिने स्वतःचं पूर्ण नाव टाकलं. आता मी लोकलमध्ये असताना काही बघायचं झालं आणि ॲपने आकडा मागितला, तर मला घरी फोन करावा लागतो. ती म्हणते, ‘थांब, कुकर बंद करते.’

केबलचा निर्णय तिनेच घेतला. एप्रिलमध्ये, आयपीएल चालू असताना. एका संध्याकाळी बाबांचा तो झेरॉक्स फॉर्म घेऊन टीव्हीसमोर बसली होती. टिक केलेला एकेक चॅनल लावून बघत होती. मी घरी आले तेव्हा यादी संपत आली होती. म्हणाली, ‘यातले चार मी बघते. बाकीचे यांचे. ते बघायला आता कोणी नाही.’ आणि फोन उचलून दादांना सांगितलं, या महिन्यापासून बंद करा.

मला वाटलं दादांना वाईट वाटेल. त्यांना सवय झाली होती. केबलवाल्यांच्या महासंघाने ईवाय सोबत २०२५ मध्ये एक अहवाल काढला, त्यात देशातली पैसे देऊन टीव्ही बघणारी घरं २०१८ मध्ये १५.१ कोटी होती ती २०२४ मध्ये ११.१ कोटींवर आल्याचं म्हटलंय. त्या चार कोटींतली बरीचशी आपल्याच बिल्डिंगमध्ये असावीत, अशा सुरात दादा बोलत होते. पूर्वी त्यांच्याकडे गच्चीवर चढायला दोन मुलं होती, आता एकही नाही. बॉक्स काढून घेता घेता म्हणाले, ‘काकू, नेट माझंच आहे ना? मग मी येणारच.’ खरंय. आमचं ब्रॉडबँड त्यांचंच, आमच्या लाइनवरच्या कितीतरी जुन्या केबलवाल्यांनी हेच केलंय. वायर काळी होती ती पातळ झाली, खांब तोच.

पैशांचं विचाराल तर फार काही वाचत नाही. तीन ॲप, माझं नेटफ्लिक्स, वर नेटचं बिल. आणि फुकटच्या गोष्टी फुकट राहत नाहीत, हे २०२३ ला जिओसिनेमावर फुकट आयपीएल बघणाऱ्यांना २०२५ मध्ये प्लॅन घेताना कळलंच असेल. जुलै २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने पासवर्ड वाटून खाणं बंद केलं तेव्हा आमच्या ऑफिसातल्या चार मैत्रिणींचं एक सुखी कुटुंब तुटलं, तो वेगळा विषय.

पण आई बदललीय. काही एपिसोड ॲपवर टीव्हीच्या आधी येतात, हे तिला कळल्यापासून संध्याकाळी खाली बाकावर तिचा भाव वाढलाय. उद्या काय होणार, हे तिला आजच माहीत असतं. सांगत नाही, नुसती हसते. शेजारच्या काकू तिच्यावर चिडून आहेत. एका वहीत तिने तिन्ही प्लॅनच्या तारखा लिहून ठेवल्यात, बाबांसारख्याच, किमतीसकट. गेल्या आठवड्यात मी घरात पाऊल टाकलं तर चप्पल काढायच्या आत म्हणाली, ‘त्या साडेआठच्या सिरियलमधला नवरा बदललाय. नवा अगदीच ठोकळा आहे. पुढच्या महिन्यापासून ते ॲप बंद.’