सामानातली गोधडी

चि. भाचीस,


परदेशी जाताना हातशिवणीची गोधडी आठवण म्हणून बरोबर न्यावी की घरीच जपून ठेवावी, हे ठरवण्यापूर्वी गोधडीत आठवण नेमकी कोठे असते ते पाहावे लागते. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत ती उघड, वरच्या अंगाला असे. १८४० च्या सुमारास तेथे 'मैत्रीची गोधडी' हा प्रकार रूढ झाला. पश्चिमेकडे कायमच्या निघालेल्या स्त्रीसाठी तिच्या बहिणी आणि शेजारणी कापडाचा एकेक चौकोन तयार करत, त्यावर शाईने आपले नाव घालत आणि सगळे चौकोन जोडून झालेली गोधडी तिच्या हाती देत. कापड न खाणारी पक्की शाई तेव्हा नुकतीच मिळू लागली होती, आणि त्याआधीच्या लोहयुक्त शाईने कालांतराने अक्षरांच्या जागी भोके पडत. मिसूरीपासून ऑरेगॉनपर्यंतची सुमारे ३२०० किलोमीटरची वाट चार ते सहा महिन्यांत तुडवणाऱ्या कुटुंबांच्या गाड्यांत साध्या गोधड्या अंथरायला, भांडी गुंडाळायला, फटींतून येणारी धूळ अडवायला आणि वाटेत कोणी दगावले तर कफन म्हणूनही कामी येत. नावांची गोधडी मात्र बहुधा पेटीत राही, आणि पेटीत राहिली म्हणूनच अशा गोधड्यांपैकी काही आज संग्रहालयांत दिसतात.

मराठी गोधडीची, म्हणजे कोल्हापूरकडच्या वाकळेची, रीत याच्या उलट आहे. जुने लुगडे जमिनीवर ताणून अंथरतात, त्यावर विटक्या कपड्यांचे थर पसरतात, वरून दुसरे लुगडे घालतात आणि कडेपासून आत, लहान होत जाणाऱ्या चौकोनांत, धावदोरा म्हणजे वरखाली सरळ जाणारा साधा टाका घालत मध्यापर्यंत येतात. ही गोधडी झिरली तरी उसवत नाहीत. तिच्यावरच नवे कापड चढवून पुन्हा टाके घालतात, त्यामुळे आजीचे लुगडे आईच्या लुगड्याखाली जाते, त्याखाली आणखी कोणाचे तरी असते, आणि एखाद्या फाटक्या कोपऱ्यातून हिरव्या काठाची बोटभर चिंधी बाहेर आली तरच त्याचा पत्ता लागतो. नव्या कोऱ्या कापडाची, दुकानात मांडलेली गोधडी कितीही देखणी असली तरी तिच्या पोटात कोणीच नसते. हे मत थोडे कडवट आहे, पण मागे घेण्याजोगे नाही.

म्हणून प्रस्तुत पत्रलेखिकेच्या मते गोधडी न्यावी आणि ती रोज पांघरावी, कारण जी आठवण वापरातून थरावर थर चढत साठली, तिला कपाटात ठेवून काही मिळत नाही. जागा आणि वजन ती बरेच खाते, तेव्हा लोणच्याची एखादी बरणी कमी करावी लागेल. धुण्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. यंत्रात घातल्यास जुने कापड टाक्यांच्या रेषेवर फाटते. गावाकडे दसऱ्याआधी घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर नेतात, आणि भिजलेली गोधडी इतकी जड होते की ती एकटीच्या हाताने पिळता येत नाही, दोघींनी दोन टोके धरून उलट दिशांना पीळ द्यावा लागतो. तेव्हा पोहोचल्यावर दुसरे टोक धरणारे कोणी तरी शेजारी शोधून ठेवलेले बरे.

कळावे. लोभ आहेच, तो वाढावा.

मावशी