दुसऱ्याचं काम बघत बसणं

दमलेल्या माणसानं नाटक-प्रदर्शनांच्या वाटेला जाऊ नये, असं माझं अगदी परवापरवापर्यंत ठाम मत होतं. कलेला ताजं डोकं लागतं. पेंगुळल्या डोळ्यांनी नाटक बघणं हा नाटक करणाऱ्यांचाही अपमान, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवायची. ‘जरा मन हलकं करायला आलोय’ म्हणत थिएटरात शिरणाऱ्यांकडे मी थोडं वरूनच बघायची.

माझा धंदा कर सल्लागाराचा, कोल्हापुरात. जीएसटीचं एक विवरणपत्र ११ तारखेला, दुसरं २० तारखेला. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखानदारांची बिलं मात्र नेमकी १८-१९ला हातात पडतात. त्या आठवड्यात जेवणखाण टेबलावरच. शनिवारी शटर ओढलं की घरी येऊन आडवं व्हायचं, ही माझी विश्रांती. पण पडल्या पडल्या डोक्यात बेरजाच चालू राहायच्या. झोपेतसुद्धा कुणाचा तरी ताळा लागत नसायचा. कधी अगदीच असह्य झालं तर गोवा नाहीतर तारकर्ली. रविवारी रात्री घाटातल्या ट्रकांमागून रांगत परत यायचं आणि सोमवारी सकाळी, सुट्टीतून सावरायला अजून एक सुट्टी हवी होती असं वाटत राहायचं.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी बांधलेलं ते थिएटर जळताना बघून अख्खं गाव हळहळलं, मीही रडले. पण मला रडण्याचा फारसा अधिकार नव्हता. किती वर्षांत मी तिथं तिकीट काढलं नव्हतं! ‘ताज्या डोक्याची’ वाट बघण्यात ती वर्षं गेली होती. तरी तेवढ्यानं माझं मत बदललं, असं म्हटलं तर ते खोटं होईल. हळहळ दोन दिवसांत ओसरली आणि पुढची २० तारीख आली.

मत बदललं ते भाचीमुळे. ती चित्रकलेच्या कॉलेजात आहे. जानेवारीत टाउन हॉलच्या बागेत ‘रंगबहार’ या संस्थेची ‘मैफल रंगसुरांची’ भरते. एका बाजूला गाणं-वाजवणं, दुसऱ्या बाजूला चित्रकार-शिल्पकार सगळ्यांसमोर काम करत बसलेले. ‘मावशी, काही समजून घ्यायचं नाही गं, नुसतं बसायचं,’ असं म्हणत तिनं मला ओढून नेलं. आदल्याच रात्री एका मोठ्या गिऱ्हाइकाचे कागद हातावेगळे केले होते. डोळे चुरचुरत होते. कुणाशी बोलायचं नव्हतं म्हणून एका शिल्पकारापुढे जाऊन बसले. समोर एक वृद्ध गृहस्थ मॉडेल म्हणून बसले होते आणि त्यांचा चेहरा मातीत उतरत होता. शिल्पकारानं कानाची जागा ठरवली, मागं सरून पाहिलं, मोडली, पुन्हा ठरवली. गालाचं हाड बसेना तेव्हा जरा माती काढली, जरा लावली. मीही दिवसभर हेच करते, आकडा बसेपर्यंत. फरक एवढाच, की इथं काही चुकलं तर नोटीस मला येणार नव्हती. उन्हं डोक्यावर आली तेव्हा लक्षात आलं, की इतका वेळ एकही बेरीज आठवली नव्हती.

माझ्या डोक्याला शांतता मानवत नाही, हे मला तिथं कळलं. रिकामं ठेवलं की ते ऑफिसचंच दळण दळतं. त्याला हवं असतं दुसऱ्या कुणाचं तरी जीव ओतून चाललेलं काम, ज्याची जबाबदारी माझ्यावर नाही असं.

मग गावातलीच ठिकाणं नव्यानं सापडू लागली. टाउन हॉलमधलं वस्तुसंग्रहालय शाळेच्या सहलीनंतर मी पाहिलंच नव्हतं. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात निघालेली ग्रीकांच्या समुद्रदेवाची छोटी ब्राँझची मूर्ती तिथं आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापारात ती कुठून कुठं आली असेल! (तिची बिलं कुणी तपासली असतील, हा विचार आलाच. सवय.) राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं ‘निसर्ग’ हे घर आहे. सिनेमाच्या पडद्यावर गाजलेला हा माणूस पावडर शेडिंगमध्ये झाडं आणि डोंगर करत बसायचा. घर आणि चित्रं त्यांनी सरकारच्या स्वाधीन केली.

आबालाल रहमान यांच्याकडे मात्र मी फार उशिरा वळले. मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकून हा चित्रकार कोल्हापुरात परतला आणि रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगा हेच पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. १९३१ साली ते गेले. हवापालटासाठी दीडशे किलोमीटर गाडी हाकणाऱ्या मला हे कोडंच होतं. आता कधी सकाळी लवकर रंकाळ्यावर जाते. संध्यामठावर ऊन कसं सरकतं ते एका जागी बसून बघितलं, की त्यांना तिथून हलावंसं का वाटलं नसेल याचा थोडा अंदाज येतो. रविवार संध्याकाळचा रंकाळा मात्र नको. गाडी लावायला जागा शोधण्यातच रक्तदाब वाढतो.

सगळंच मला मानवतं असंही नाही. देवल क्लबातल्या मैफलीत विलंबित ख्याल सुरू झाला की माझी मान अजूनही कलते. पूर्वी याची लाज वाटली असती. शेजारच्या बाईंनी एकदा डुलकीतून हळूच जागं केलं, तेही द्रुत सुरू झाल्यावर.

हौशी संघांच्या नाटकांना आता मी हमखास जाते. दिवसभर बँकेत नाहीतर शाळेत राबून आलेली माणसं रात्री रंगमंचावर उभी राहतात आणि खाली माझ्यासारखीच दमलेली माणसं बसलेली असतात. ताज्या डोक्याचा प्रेक्षक मला तिथं अजून भेटलेला नाही. गेल्या महिन्यात प्रयोग चालू असताना एका कारखानदाराचे लागोपाठ फोन येत होते. मध्यंतरात उचलला आणि खरं ते सांगून टाकलं, की नाटकाला आलेय. पलीकडे क्षणभर आवाजच नाही. मग म्हणाले, ‘कुठलं हो, मॅडम? उद्या आहे का प्रयोग?’