चायना कोबीचं पाणी आणि कोरियन मांडू

आज फवारणी नाही, खत नाही. स्वयंपाकघरातलं लिहितोय, पण गाडी शेवटी प्लॉटवरच येते, म्हणून वाचा.

मागच्या हिवाळ्यात माझे चायना कोबीचे ११ क्रेट परत आले. गड्डा वजनदार, पांढरा, अळीचं एक छिद्र नाही. कोरियन घरांना भाजी पोचवणारा व्यापारी म्हणाला, "काका, पाणी फार आहे. त्यांचे मांडू फुटतात." मी चिडलो. कोबीत पाणी नसणार तर काय असणार? मांजरी उपबाजारात मिळेल त्या भावाला दिला, गाडीभाडं पण सुटलं नाही.

रांजणगावला एलजी आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा जुना कारखाना घ्यायचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला. म्हणजे हे गिऱ्हाईक इथंच राहणार. पोरगी म्हणाली, "अण्णा, भांडण्यापेक्षा एकदा करून बघू की."

मांडू म्हणजे त्यांचा मोदकच म्हणा, पण खिम्याचा. मोठा केला की वांग मांडू, वांग म्हणजे राजा. आपल्याकडे गाडीवर मोमो मिळतो तो पातळ पारीचा. ह्याच्या पिठात यीस्ट असतं, त्यामुळे पारी पावासारखी फुगते.

अर्धा किलो मैदा, चमचाभर यीस्ट, दोन चमचे साखर, मीठ, थोडं तेल, कोमट पाण्यात मऊ मळला. तासाभरात दुप्पट झाला. सारणाला अर्धा किलो चिकन खिमा (ते लोक बहुतेक डुकराचा घेतात, आमच्या घरात ते चालत नाही), कोबी, कांद्याची पात, लसणाची पात, आलं, सोया सॉस, मिरी. त्यांच्या रताळ्याच्या पिठाच्या शेवया मिळाल्या नाहीत, सोडून दिल्या. भाजलेल्या तिळाच्या तेलाऐवजी तीळ खमंग भाजून कुटून घातले.

मी मोदकपात्र काढलं तर मंडळी कडाडल्या, "अहो, गणपतीचं भांडं आहे ते! आईंनी बघितलं तर?" आई माळकरी. मग जुनं पातेलं, वर चाळण, झाकणाला पंचा बांधला. कळ्या पाडायला मात्र मंडळींचाच हात लागला, माझा मांडू बटाट्यासारखा दिसत होता.

पहिला घाणा फसला. खालून पारी चिकट झाली, चार फुटले, पातेल्यात रस्सा. कोबी चिरून तसाच घातला होता ना. व्यापाऱ्याचे शब्द आठवले आणि गप्प बसलो.

दुसऱ्या वेळी चिरलेल्या कोबीला मीठ लावून अर्धा तास ठेवला आणि फडक्यात पिळला. एक किलोला जवळजवळ दोन ग्लास पाणी! हा आदल्या संध्याकाळी ठिबक चालू असलेल्या ओळीतला. मग मुद्दाम दुसऱ्या ओळीतला आणला, जिचं पाणी व्हॉल्व्ह बिघडल्यामुळे पाच दिवस बंद होतं. तेवढाच कोबी, तेवढंच मीठ, पण पाणी एक ग्लास आणि वर थोडं. गड्डा हाताला हलका, पान मात्र कुरकुरीत. प्रयोगशाळेचं मोजमाप नव्हे हे, घरातल्या ग्लासाचं आहे.

म्हणजे वजन मी विकत होतो आणि पाण्याचे पैसे समोरचा देत होता.

ह्या हंगामात काढणीआधी पाच दिवस ठिबक कमी करत आणून बंद केलं. आमची काळी जमीन, ओल धरते. मुरमाड रान असेल तर असं करू नका, आणि गड्डा भरताना तर मुळीच पाणी तोडू नका. पाणी कमी-जास्त झालं की कॅल्शियम आतल्या पानापर्यंत पोचत नाही, कडा करपतात, आणि ते गड्डा कापल्यावरच दिसतं. वजन क्रेटमागे घटलंय, ते खोटं बोलणार नाही. व्यापाऱ्याशी किलोऐवजी नगावर बोलणं चालू आहे.

मांडू पंधरा मिनिटं वाफवा. गॅस बंद केल्यावर झाकण लगेच उघडू नका, गार हवा लागली की फुगलेली पारी बसते. आमच्या पोरीने दोनदा उघडलं.

आईंसाठी मंडळींनी वेगळ्या भांड्यात कोबी-पनीरचे चार केले. त्यांनी एक खाल्ला, म्हणाल्या, "मोदक बरा, पण गूळ विसरलात."

काल १४ क्रेट गेले. अजून फोन आलेला नाही.