आठ अक्षरांचा सुगंध

आंबेमोहोर शिजायला लागला, की तो कुठल्या घरात शिजतोय हे जिन्यातच कळतं. या वासामागे मुख्यतः एक इवलासा रेणू आहे: टू-असिटिल-वन-पायरोलिन. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी तो शिजलेल्या भातात ओळखला. एक अब्ज भाग पाण्यात याचा जेमतेम दशांश भाग असला, तरी माणसाच्या नाकाला तो कळतो. साधा तांदूळ शिजवताना आधणात जे बासमतीचं पान टाकतात, त्यातही हाच.

तो भातात येतो कसा, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मन हललं. भाताच्या आठव्या गुणसूत्रावर बीएडीएच-२ नावाचं जनुक आहे. बासमतीत आणि थायलंडच्या जास्मिन तांदळात त्यातली डीएनएची आठ अक्षरं गळून गेली आहेत. भाताच्या जनुकसंचात अक्षरं सुमारे ३९ कोटी, त्यातली ही आठ. तेवढ्यानं त्या जनुकाचं विकर निकामी होतं. ज्या द्रव्याचं पुढे दुसरं काही व्हायचं, ते तसंच साचतं आणि त्यातून हा सुगंध तयार होतो. आपण ज्याला तांदळाचा गुण म्हणून डोक्यावर घेतो, ती मुळात एक मोडतोड आहे.

आणि ते विकर रोपाला उगीच मिळालेलं नव्हतं. ताण सोसताना ते कामी येतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी सुवासिक आणि बिनवासाच्या भातांना खारं पाणी देऊन पाहिलं, तेव्हा सुवासिक जातींचं उत्पन्न जास्त घटलं. त्यांचा हा निष्कर्ष २०१० साली छापून आला. कोकणातली खारजमीन किंवा गोव्यातली खाजनं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

रोपाचं सोसणं वाचायची रीत विलक्षण आहे. ताणात असलेल्या रोपाचं पान खुडायचं आणि क्षणाचाही वेळ न दवडता द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवायचं. पान काचेसारखं कडक होतं, खलात घोटलं की त्याची हिरवी पूड होते. घाई अशासाठी, की खुडल्याची जखमही रोपाला कळते आणि आतली नोंद बदलायला लागते. त्या चिमूटभर पुडीतून कोणती जनुकं जागी झाली, साखर किती उरली, हे सगळं उलगडतं.

ओडिशातल्या एका गावठी भातातून निवडलेली एफआर १३ए ही जात अशीच उलगडली. पुरात बुडालेली बाकीची रोपं डोकं पाण्याबाहेर काढायला उंच वाढत सुटतात आणि त्यातच साठवण संपवून मरतात. ही जात वाढ थांबवते, साखर राखते आणि पंधरवड्यानं पाणी ओसरलं की पुन्हा फुटते. २००६ साली तिचं सब-१ए हे जनुक जगापुढे आलं. संकर आणि निवड करून ते लोकप्रिय स्वर्णा भातात आणलं गेलं, आणि २००९ साली स्वर्णा-सब १ भारतात शेतकऱ्यांच्या हाती आली. दाणा तोच, चवही तीच.

हे जनुक प्रयोगशाळेनं घडवलेलं नाही. पूरग्रस्त खाचरांतल्या माणसांनी ते पिढ्यानपिढ्या पेरून जपलं, म्हणून सापडलं. आंबेमोहोराकडे पाहताना मला याच जपणुकीची काळजी वाटते. तो उंच वाढतो, दाणा भरला की लोळतो, उताराही कमी देतो. १९८७ सालची इंद्रायणी ही त्याच्याच एका वाणाची आयआर-८ या भाताच्या जातीशी सांगड घालून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झाली. इंद्रायणी आज घरोघर आहे आणि ती असावीही. पण आंबेमोहोर खाचरातच उरला नाही, तर पुढची सांगड कशाशी घालणार? बाजारात त्याच्या नावानं भलताच तांदूळ खपतो, हे तर आणखी वाईट. बासमतीची भेसळ पकडायला हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी डीएनए चाचणी तयार केली. तशी नियमित तपासणी आंबेमोहोरालाही मिळायलाच हवी.

तोवर एवढं करा. मुळशी-मावळकडचा शेतकरी स्वतः पिकवलेला आंबेमोहोर विकत असेल, तर दरासाठी घासाघीस करू नका. कमी उताऱ्याचं बियाणं तो दरवर्षी बाजूला काढून ठेवतो. त्याचे पैसे त्याला मिळू द्या.